चार अक्षरांत विमानाची कुवत

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाकडे येणाऱ्या विमानांच्या रांगेत एअरबस ए३२० निओमागे एटीआर ७२ असते, तिच्यामागे बोइंग ७७७ आणि त्यामागे एखादे छोटे खासगी जेट. हवाई वाहतूक नियंत्रकासमोरील रडारच्या पडद्यावर मात्र यांपैकी एकाही विमानाचा आकार दिसत नाही. तेथे असतो एक बिंदू आणि त्याला चिकटलेल्या दोन-तीन छोट्या ओळी. त्यात उड्डाणाचा क्रमांक, उंची, वेग आणि 'ए२०एन', 'एटी७६', 'बी७७डब्ल्यू' असा एक संकेत. विमान किती वेगाने येईल, किती लवकर वर चढेल, किती उंची गाठू शकेल आणि त्याच्यामागे किती अंतर मोकळे सोडावे लागेल, याचा अंदाज नियंत्रकाला याच संकेतावरून बांधावा लागतो.

मोबाइलवर विमानांचा माग दाखवणाऱ्या अॅपमुळे हे संकेत सामान्य प्रवाशांच्याही नजरेस पडू लागले आहेत. विमानाचे नाव लहान करून लिहिण्याची ही केवळ सोय असावी, असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः हा संकेत नावापेक्षा विमानाच्या कामगिरीशी अधिक बांधलेला आहे.

संकेत कोण ठरवते?

मॉन्ट्रियल येथे मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटना, म्हणजेच 'इकाओ', ही संयुक्त राष्ट्रांची विशेष संस्था हे संकेत ठरवते. 'दस्तऐवज ८६४३' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूचीत ते प्रसिद्ध होतात. प्रत्येक संकेत दोन ते चार अक्षर-अंकांचा असतो. उड्डाणापूर्वी विमान कंपनी जो उड्डाण आराखडा सादर करते, त्याच्या नवव्या रकान्यात हा संकेत आणि विमानाचा वजन-वर्ग लिहिणे बंधनकारक असते. एखाद्या विमानाला संकेतच दिलेला नसेल, तर तेथे चार वेळा 'झेड' लिहून अठराव्या रकान्यात विमानाचे नाव स्पष्ट करावे लागते.

आराखडा दाखल झाला की हाच संकेत वाटेतील प्रत्येक नियंत्रण केंद्राच्या संगणकात पोहोचतो. विमान कोणत्या वेळी कोठे असेल, याची गणिते संगणक त्याच्याच आधारे मांडतो. युरोपातील 'युरोकंट्रोल' संस्थेने तयार केलेल्या 'बाडा' या माहितीसंचात विमानांच्या प्रकारांनुसार चढण्याचा, समतल उड्डाणाचा आणि उतरण्याचा वेग यांची प्रारूपे आहेत आणि ती याच संकेतांशी जोडलेली आहेत.

नावे अनेक, संकेत एक

नवा संकेत केव्हा द्यायचा आणि केव्हा नाही, यामागील तत्त्व साधे आहे. हवाई वाहतूक नियंत्रणाच्या दृष्टीने कामगिरीत लक्षणीय फरक असेल तर संकेत वेगळा. तसा फरक नसेल तर नाव काहीही असो, संकेत एकच. विमानात प्रवासी बसले आहेत की खोकी भरली आहेत, आसने १६० आहेत की १९०, याच्याशी नियंत्रकाला कर्तव्य नसते.

त्यामुळेच प्रवासी बोइंग ७३७-८०० आणि तेच विमान मालवाहू स्वरूपात बदललेले असले तरी दोहोंचा संकेत 'बी७३८'. लांब पल्ल्याचे प्रवासी बोइंग ७७७-२००एलआर आणि त्यावर आधारित ७७७ मालवाहू विमान हे दोघेही 'बी७७एल'. भारताचे राष्ट्रपती, उपराष्ट्रपती व पंतप्रधान यांच्यासाठी राखीव असलेली दोन विमाने ७७७-३००ईआर प्रकारची आहेत. त्यांच्या अंतर्भागाचे आणि सुरक्षा यंत्रणांचे कितीही वेगळेपण असले, तरी प्रकार म्हणून ती एअर इंडियाच्या प्रवासी ७७७-३००ईआरप्रमाणेच 'बी७७डब्ल्यू' ठरतात.

कंपनीने नाव बदलले म्हणूनही संकेत बदलत नाही. कॅनडातील बम्बार्डिअर कंपनीने 'सी सीरिज' नावाने विकसित केलेले विमान जुलै २०१८ पासून 'एअरबस ए२२०' म्हणून विकले जाऊ लागले. त्याचे संकेत मात्र आजही 'बीसीएस१' आणि 'बीसीएस३' असेच आहेत. डॅश ८ क्यू४०० या विमानाची कथाही अशीच. डी हॅविलंड कॅनडा ही मूळ कंपनी १९८६ मध्ये बोइंगने घेतली, १९९२ मध्ये ती बम्बार्डिअरकडे गेली आणि २०१९ मध्ये हे विमान पुन्हा डी हॅविलंडच्या नावाखाली आले. एवढ्या उलाढाली होऊनही त्याचा 'डीएच८डी' हा संकेत मूळ कंपनीचीच आठवण ठेवून आहे.

दिसायला एक, संकेत दोन

याच तत्त्वाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. एअरबस ए३२० आणि ए३२० निओ ही विमाने धावपट्टीवर शेजारी उभी केली तर सर्वसामान्य माणसाला फरक चटकन ओळखता येणार नाही. निओची इंजिने मात्र नव्या पिढीची आणि आकाराने मोठी आहेत. म्हणून पहिल्याचा संकेत 'ए३२०', तर दुसऱ्याचा 'ए२०एन'. बोइंग ७३७-८०० चा 'बी७३८', पण ७३७ मॅक्स ८ चा 'बी३८एम'. ब्राझीलच्या एम्ब्रेअर १७५ विमानाला तर पंखांच्या टोकांतील बदलामुळे दोन संकेत मिळाले. आखूड पंखांचे 'ई७५एस' आणि लांब पंखांचे 'ई७५एल'.

लष्करी विमानांतही हा न्याय लागू होतो. हर्क्युलिस सी-१३० या जुन्या मालवाहू विमानाचा संकेत 'सी१३०'. भारतीय हवाई दलाकडे असलेले सी-१३०जे त्याच घराण्यातील आणि जवळपास त्याच आकाराचे आहे. मात्र त्याची इंजिने नवी आहेत आणि पंख्याला चारऐवजी सहा पाती आहेत. त्याला 'सी३०जे' असा स्वतंत्र संकेत आहे. बोइंग ७४७-४०० चे शरीर फुगवून तयार केलेल्या 'ड्रीमलिफ्टर' या मालवाहू विमानाला 'बीएलसीएफ' हा वेगळा संकेत मिळाला, तो माल वाहण्याच्या कामामुळे नव्हे. बदललेल्या आकाराने त्याचे उड्डाणच बदलले म्हणून.

सूचीतील तीन अक्षरे

सूचीत प्रत्येक संकेतापुढे आणखी एक तीन अक्षर-अंकी वर्णन असते. पहिले अक्षर विमानाचा मूळ प्रकार सांगते. 'एल' म्हणजे जमिनीवरून उडणारे, 'एस' म्हणजे पाण्यावरून उडणारे, 'ए' म्हणजे दोन्हीकडून उडू शकणारे आणि 'एच' म्हणजे हेलिकॉप्टर. मधला अंक इंजिनांची संख्या दाखवतो. शेवटचे अक्षर इंजिनाचा प्रकार सांगते. 'पी' म्हणजे पिस्टन, 'टी' म्हणजे टर्बोप्रॉप किंवा टर्बोशाफ्ट, 'जे' म्हणजे जेट.

या हिशेबाने ए३२० हे 'एल२जे', एटीआर ७२ हे 'एल२टी', तर वैमानिक प्रशिक्षणासाठी जगभर वापरले जाणारे सेसना १७२ हे 'एल१पी' ठरते. नियंत्रकासाठी ही ढोबळ विभागणी उपयोगी असली तरी पुरेशी नाही. भारतीय प्रवाशांच्या ओळखीची दोन टर्बोप्रॉप विमाने त्याचे उत्तम उदाहरण ठरतील.

एटीआर ७२-६०० आणि डॅश ८ क्यू४०० ही दोन्ही विमाने 'एल२टी' आहेत आणि दोन्ही मध्यम वजन-वर्गात मोडतात. दोन्हींचे पंख शरीराच्या वर बसवलेले, दोन्हींना दोन पंखे. पण एटीआरचा समतल उड्डाणातील वेग ताशी सुमारे ५१० किलोमीटर, म्हणजे २७५ नॉट आहे, तर क्यू४०० ताशी ६६७ किलोमीटर, म्हणजे ३६० नॉटपर्यंत जाऊ शकते. एकाच मार्गावर, एकाच उंचीवर एटीआर पुढे आणि २० सागरी मैल मागे क्यू४०० असेल, तर पूर्ण वेगात असलेले मागचे विमान अवघ्या १४ मिनिटांत पुढच्याला गाठेल. 'एटी७६' आणि 'डीएच८डी' हे दोन संकेत वाचताच नियंत्रकाला हा धोका दिसतो. मागच्याला वेग कमी करण्यास सांगायचे, वेगळी उंची द्यायची की वळवून पुढे काढायचे, याचा निर्णय तो वेळेवर घेऊ शकतो. संकेतावरूनच त्याला हेही ठाऊक असते की एटीआरची कमाल उंची २५ हजार फूट आहे. तिला ३३ हजार फुटांवर जाण्यास सांगण्यात अर्थ नाही.

मागे राहणारे भोवरे

संकेताचा सर्वांत गंभीर उपयोग मात्र वेगाशी नव्हे, तर अंतराशी निगडित आहे. उडणाऱ्या प्रत्येक विमानाच्या पंखांच्या टोकांशी हवेचे दोन भोवरे तयार होतात आणि ते मागे रेंगाळत हळूहळू खाली उतरतात. विमान जितके जड आणि मंद, तितके हे भोवरे बलवान. त्यांत सापडलेले लहान विमान क्षणात आडवे किंवा उलटे होऊ शकते आणि जमिनीलगत असे झाले तर सावरण्यास वाव राहत नाही.

३० मे १९७२ रोजी अमेरिकेत फोर्ट वर्थ येथे डेल्टा एअरलाइन्सचे एक डीसी-९ विमान प्रशिक्षण उड्डाणात डीसी-१० च्या मागोमाग उतरत असताना भोवऱ्यात सापडून कोसळले आणि चौघे मृत्युमुखी पडले. त्यानंतर अंतराचे नियम अधिक काटेकोर झाले. इकाओच्या नियमांनुसार विमानांचे कमाल उड्डाण-वजनावरून वर्ग पाडले जातात. ७ हजार किलोपर्यंत 'एल', म्हणजे हलके. त्यापुढे १ लाख ३६ हजार किलोच्या आत 'एम', म्हणजे मध्यम. त्याहून अधिक 'एच', म्हणजे जड. सुमारे ५७५ टनांच्या एअरबस ए३८० साठी 'जे', म्हणजे 'सुपर' हा स्वतंत्र वर्ग आहे. येथील एल, एच व जे या अक्षरांचा वर्णनातील जमीन, हेलिकॉप्टर आणि जेट यांच्याशी संबंध नाही, हे ध्यानात ठेवणे आवश्यक.

रडारवर जड विमानामागे मध्यम विमानाला ५ सागरी मैल, तर हलक्याला ६ सागरी मैल अंतर ठेवावे लागते. ए३८० मागे हेच अंतर अनुक्रमे ७ आणि ८ सागरी मैल होते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वैमानिकांनीही गाफील राहू नये म्हणून या दोन वर्गांतील विमानांनी नियंत्रकाशी पहिला संपर्क साधताना आपल्या क्रमांकापुढे 'हेवी' किंवा 'सुपर' असे म्हणावयाचे असते.

बोइंग ७५७ चा धडा

केवळ वजनाच्या अक्षरावर विसंबण्यातील धोका बोइंग ७५७ ने दाखवून दिला. या विमानाचे कमाल वजन सुमारे १ लाख १५ हजार ७०० किलो. त्या काळी अमेरिकेत जड वर्गाची सीमा ३ लाख पौंड, म्हणजे सुमारे १ लाख ३६ हजार किलो होती. साहजिकच ७५७ ला जड विमानासारखे अंतर लागू नव्हते.

१८ डिसेंबर १९९२ रोजी मोंटाना राज्यातील बिलिंग्ज येथे ७५७ च्या मागून उतरणारे एक सेसना सायटेशन जेट कोसळून आठ जण मरण पावले. वर्षभराने, १५ डिसेंबर १९९३ रोजी, कॅलिफोर्नियातील सांता अॅना येथे ७५७ मागून येणारे वेस्टविंड जेट कोसळून पाच जण दगावले. दोन्ही लहान विमाने पुढच्या विमानावर नजर ठेवून उतरत होती आणि दोन्ही त्याच्या मार्गाच्या खाली होती. भोवरेही तेथेच उतरत होते.

१९९४ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने ७५७ मागे अधिक अंतर ठेवण्याचा आदेश दिला आणि १९९६ मध्ये जड वर्गाची सीमाच २ लाख ५५ हजार पौंडांवर आणली. वजनाच्या वर्गात न बसणारे वागणे असलेल्या एका प्रकाराला त्याच्या संकेतावरून वेगळे काढावे लागले. वर्गाचे अक्षर विमानांना गटात टाकते. संकेत नेमके विमान सांगतो. मध्यम वर्गात २३ टनांची एटीआर आहे, ७९ टनांचे ७३७-८०० आहे आणि ११५ टनांचे ७५७ही आहे, हे लक्षात घेतले तर या फरकाचे महत्त्व पटते.

अरबी समुद्रावरील प्रसंग

संकेत अचूक असूनही नियम अपुरे पडू शकतात, हे ७ जानेवारी २०१७ च्या घटनेने दाखवले. मालदीवमधील माले येथून बर्लिनला निघालेले चॅलेंजर ६०४ प्रकारचे खासगी जेट अरबी समुद्रावर ३४ हजार फुटांवर होते. दुबईहून सिडनीला जाणारे एक ए३८० त्याच्या वरून, एक हजार फूट अधिक उंचीवरून, विरुद्ध दिशेने गेले. काही क्षणांतच चॅलेंजर स्वतःभोवती गरगरले आणि हजारो फूट खाली आले. वैमानिकांनी ते सावरून मस्कतला उतरवले. विमानात नऊ जण होते. काहींना दुखापती झाल्या आणि विमान कायमचे निकामी ठरले.

चॅलेंजरचा संकेत 'सीएल६०', वर्ग मध्यम. समोरच्याचा 'ए३८८', वर्ग सुपर. दोहोंतील एक हजार फुटांचे उभे अंतर नियमाप्रमाणेच होते. भोवऱ्यांसाठीची वाढीव अंतरे प्रामुख्याने उड्डाण आणि उतरण्याच्या टप्प्यांसाठी आहेत. उंचावरील समतल उड्डाणात वैमानिकाची सावधगिरीच मोलाची ठरते. युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा संस्थेने त्याच वर्षी या धोक्याबाबत माहितीपत्रक काढले. अरबी समुद्राच्या मोठ्या भागावरील आकाशाची जबाबदारी मुंबईच्या नियंत्रण केंद्राकडे असल्याने हा विषय येथील नियंत्रकांनाही दूरचा नाही.

मुंबईचे गणित

मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि बहुतांश भार एकाच मुख्य धावपट्टीवर पडतो. गर्दीमुळे विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, म्हणून २०२४ च्या प्रारंभी येथील गर्दीच्या तासांतील विमानांची ये-जा ताशी ४६ वरून ४४ आणि इतर वेळी ४४ वरून ४२ करण्यात आली. खासगी विमानांच्या वेळांवरही निर्बंध आले.

ताशी ४४ म्हणजे सरासरी दर ८२ सेकंदांना एक विमान उतरणे किंवा उडणे. उतरताना १४० नॉट वेगाने येणारे विमान ३ सागरी मैल ७७ सेकंदांत कापते. पुढचे विमान जड असेल आणि अंतर ५ सागरी मैल ठेवावे लागले, तर तेच १२९ सेकंद होतात. पुढे ए३८० असेल तर ७ सागरी मैलांना तीन मिनिटे लागतात. २०१४ मध्ये मुंबईत ए३८० ची नियमित उड्डाणे सुरू झाल्यापासून हे गणितही नियंत्रकाला मांडावे लागते. रांगेत 'ए२०एन' नंतर 'ए२०एन' असतील तर काम सुरळीत चालते. मध्ये संथ 'एटी७६' आली की तिच्या मागच्याला आधीपासूनच आवरावे लागते. आणि 'बी७७डब्ल्यू' मागे एखादे हलके 'बीई२०', म्हणजे बीचक्राफ्ट किंग एअर, आले तर मोठी पोकळी सोडण्याखेरीज गत्यंतर नसते. अनुभवी नियंत्रक म्हणूनच विमाने जवळ येण्यापूर्वीच संकेत वाचून त्यांचा क्रम मनाशी लावतो.

नवे वर्ग, जुना आधार

गर्दी वाढत असताना अंतरे सरसकट वाढवणे परवडत नाही आणि घटवणे धोक्याचे असते. म्हणून २०१२ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे, तर २०१६ मध्ये पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर अधिक बारकाईने पाडलेले वर्ग वापरात आले. नोव्हेंबर २०२० पासून इकाओच्या नियमावलीतही ए ते जी असे सात गट आहेत. त्यांत वजनासोबत पंखांची रुंदीही विचारात घेतली जाते. कोणते विमान कोणत्या गटात, हे ठरते ते पुन्हा त्याच्या संकेतावरूनच.

संकेताला मर्यादाही आहेत. तो विमानाचा प्रकार सांगतो, त्या दिवशीचे वजन नाही. दूरच्या प्रवासासाठी इंधनाने काठोकाठ भरलेले 'बी७७डब्ल्यू' सावकाश चढते, तर जवळच्या शहराला जाणारे तेच विमान झपाट्याने वर जाते. त्यामुळे नियंत्रक संकेताबरोबर गंतव्य स्थानही पाहतो. भोवऱ्यांचे वर्ग मात्र प्रत्यक्ष वजनावर नव्हे, तर प्रमाणित कमाल वजनावर ठरवलेले असल्याने चूक झाली तरी ती सुरक्षिततेच्या बाजूने होते.

तिकिटावरील संकेत निराळा

प्रवाशांचा गोंधळ उडवणारी आणखी एक बाब म्हणजे वेळापत्रकावर व आरक्षणात दिसणारा तीन अक्षर-अंकी संकेत. तो विमान कंपन्यांच्या 'आयाटा' या संघटनेचा असतो आणि व्यापारी कामासाठी वापरला जातो. तेथे ७३७-८०० हे '७३८' असते, तर ए३२० निओ '३२एन'. नियंत्रणाच्या कामात त्याला स्थान नाही.

ऐनवेळी विमान बदलले गेले की प्रवाशाला आसन बदलल्याचा मनस्ताप होतो. त्याच वेळी कंपनीच्या उड्डाण कक्षाला मात्र त्याहून महत्त्वाचे एक काम करावे लागते; ते म्हणजे आराखड्यातील संकेत बदलल्याचा संदेश नियंत्रणाला पाठवणे. 'ए३२०' ऐवजी 'ए२१एन' उडणार असेल आणि पडद्यावर जुनाच संकेत राहिला, तर नियंत्रक प्रत्यक्षात नसलेल्या विमानासाठी हिशेब मांडत राहील. पडद्यावरील बिंदूला डोळे नसतात. त्याच्याबद्दल जे लिहिले असेल, तेवढेच नियंत्रकाला दिसते.

काही परिचित संकेत

बी७३८ : बोइंग ७३७-८००
बी३८एम : बोइंग ७३७ मॅक्स ८
ए२०एन : एअरबस ए३२० निओ
ए२१एन : एअरबस ए३२१ निओ
बी७८८ : बोइंग ७८७-८
बी७७डब्ल्यू : बोइंग ७७७-३००ईआर
ए३५९ : एअरबस ए३५०-९००
ए३८८ : एअरबस ए३८०-८००
एटी७६ : एटीआर ७२-६००
डीएच८डी : डॅश ८ क्यू४००
बीई२० : बीचक्राफ्ट किंग एअर २००
सी१७२ : सेसना १७२